पाठीवरचं बिऱ्हाड: लांब पल्ल्याच्या पायी भटकंतीच्या सामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालायचं म्हटलं की पहिले प्रश्न सामानाचेच येतात. नव्या भटक्यांसोबत चालताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. माझा कल आधीच सांगून ठेवते: पाय शाबूत राहिले पाहिजेत आणि रात्री कोरड्यात झोपता आलं पाहिजे. या दोन गोष्टींत मी तडजोड करत नाही. बाकी जवळपास सगळ्यात करते.

सुरुवातीला काय विकत घ्यावं?

बहुतेक जण आधी सॅक घेतात आणि मग ती भरेपर्यंत वस्तू गोळा करत राहतात. क्रम उलटा ठेवा. आधी बूट आणि मोजे, मग रात्रीचा संच, म्हणजे स्लीपिंग बॅग, मॅट आणि तंबू. हे सगळं जमिनीवर मांडून झालं की ते मावेल एवढी सॅक शेवटी घ्या. सत्तर लिटरची सॅक आधी घरात आली की तिच्यातली रिकामी जागा बघवत नाही, आणि माणूस ती भरतोच.

पैसे मोजके असतील तर तंबू, स्टोव्ह, काठ्या उसन्या किंवा भाड्याने घ्या. बूट मात्र स्वतःचेच हवेत. दुसऱ्याच्या पायाने घडवलेला बूट तुमच्या पायाला छळतो.

सॅकचं एकूण वजन किती असावं?

शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत, असा ढोबळ हिशेब सांगतात. तो ठीक आहे, पण मी त्यापेक्षा 'मूळ वजन' मोजायला सांगते. अन्न, पाणी आणि इंधन सोडून सॅकमध्ये जे काही उरतं ते मूळ वजन. ते ९ किलोच्या आत आलं तर चालणं सुखाचं होतं. साडेचार किलोच्या आत आणणाऱ्यांना अल्ट्रालाइट म्हणतात, पण तिथवर जायला अनुभव लागतो, कारण तिथे प्रत्येक वस्तू दोन-तीन कामं करते आणि चुकीला जागा उरत नाही. या मूळ वजनावर दिवसाला साधारण ६०० ते ८०० ग्रॅम कोरडं अन्न आणि लिटरमागे एक किलो पाणी धरा. खरा भार तेव्हा कळतो.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि एकेक वस्तू मोजून वहीत लिहा. अंदाजाने काहीच कळत नाही. निघायच्या आदल्या रात्री एका मैत्रिणीची १७ किलोची सॅक आम्ही चादरीवर ओतली होती. तीन टॉर्च निघाल्या, दोन टॉवेल, शांपूची भरलेली बाटली आणि 'लागलेच तर' म्हणून घेतलेले चार टी-शर्ट. सकाळी ती ११ किलो घेऊन निघाली, आणि आठवडाभरात मागे ठेवलेल्या एकाही वस्तूवाचून तिचं अडलं नाही.

एमा गेटवूड या बाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल एकट्याने एका हंगामात चालून गेल्या. तेव्हा ती वाट तीन हजार किलोमीटरच्या वर होती. खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची थैली, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा आणि पायात कॅनव्हासचे साधे बूट, एवढ्यावर. त्यांचं अनुकरण करा असं मी म्हणणार नाही. पण दुकानातली यादी वाचून धडकी भरली तर त्यांना आठवा.

सॅक अंगाला बसते की नाही, हे कसं ओळखायचं?

उंचीवर जाऊ नका, पाठीची लांबी मोजा. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक मणका ठळक हाताला लागतो, तिथून सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून कंबरेच्या हाडाची वरची कड चाचपा आणि अंगठे मागे वळवा. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ म्हणजे शेवट. मधलं अंतर दुसऱ्याला टेपने मोजायला सांगा. उंच माणसाची पाठ आखूड आणि बुटक्याची लांब असू शकते, म्हणून एस-एम-एल वाचून घेतलेली सॅक फसवते.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून काहीच समजत नाही. आठ-दहा किलो भरा, सगळे पट्टे सैल करा आणि आधी कंबरपट्टा आवळा, असा की त्याची गादी हाडाच्या कडेवर बसेल. पोटावर घसरली तर उपयोग नाही. मग खांद्याचे पट्टे ओढा, त्यानंतर खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे थोडेसे आणि सगळ्यात शेवटी छातीचा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सरकवून पाहा. बोट सहज जातंय आणि भार कंबरेवर जाणवतोय, तर सॅक तुमची. अर्धा तास तशीच घालून फिरा, जिना चढा-उतरा. जो काच दुकानात किंचित जाणवतो, तो तिसऱ्या दिवशी सालटं काढतो.

किती लिटरची घ्यावी?

थंडी फार नसेल आणि चार-पाच दिवसांचं अन्न न्यायचं असेल तर ४५ ते ५५ लिटर पुरे. बर्फातल्या मुक्कामासाठी जास्त लागते.

सॅक भरायची कशी?

तळाला झोपायचं सामान, कारण ते रात्रीच लागतं. मधे पाठीला लागून सगळ्यात जड वस्तू, म्हणजे अन्न आणि पाणी. जड सामान पाठीपासून लांब गेलं की सॅक मागे ओढते आणि तुम्ही दिवसभर पुढे झुकून चालता. वरच्या बाजूला रेनकोट, उबदार जॅकेट आणि प्रथमोपचार.

पावसाचं बाहेरचं कव्हर वाऱ्यात उडतं आणि पाठीकडून पाणी आत येतंच. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं तिच्यात भरा आणि तोंड पिळून दुमडा. सॅक ओढ्यात पडली तरी स्लीपिंग बॅग कोरडी राहते. इतकी स्वस्त आणि इतकी कामाची दुसरी वस्तू मला माहीत नाही.

घोट्यापर्यंतचे बूट घ्यावेत की हलके ट्रेल रनर, म्हणजे डोंगरवाटेवर धावायचे बूट?

यावर दोन तट आहेत आणि दोघांचंही आपापल्या वाटेपुरतं खरं आहे. पायातल्या वजनाला पाठीवरच्या वजनाच्या कित्येक पट शक्ती लागते. अभ्यासांमध्ये हे प्रमाण चार ते सहा पट आलं आहे. दिवसाला हजारो वेळा उचलायच्या वस्तूचं वजन जपून निवडावं. मळलेली वाट, मध्यम ओझं आणि ओढे-नाले ओलांडणं असेल तर मी हलके जाळीचे बूट घालते. ते भिजतात लवकर, पण वाळतातही लवकर. वॉटरप्रूफ अस्तराच्या बुटात वरून पाणी शिरलं की ते आतच साठतं आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. सैल दगडांचा उतार, बर्फ, जड ओझं किंवा आधी मुरगळलेला घोटा असेल तर कडक तळाचे उंच बूट घ्या.

माप संध्याकाळी घ्या, जो मोजा घालणार तोच घालून. दिवसभराच्या चालण्याने पाय सुजतो, आणि कित्येक आठवडे चाललात तर तो कायमचा थोडा पसरतो. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. दुकानात उतार असेल तर उतरून पाहा, नसेल तर बुटाचं टोक जमिनीवर आपटा. नख पुढे टेकलं तर अर्धा नंबर वर जा. उतारावर काळी पडलेली नखं बहुतेकदा आखूड बुटाची असतात.

हलक्या बुटांचा तळ ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये बसतो. वरून बूट धड दिसला तरी गुडघे आणि टाचा आधी सांगतात. हजारो किलोमीटर चालणारे वाटेत तीन-चार जोड बदलतात, तो खर्च आधीच धरून ठेवा.

पायाला फोड येऊ नयेत म्हणून काय करू?

उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आले की फोड येतो. यातलं एक काढून टाका. लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे घाला, सुती नको. दुपारच्या विश्रांतीत बूट-मोजे काढून पाय वाऱ्याला ठेवा आणि मोज्यांचे जोड बदला, ओला सॅकला बाहेरून टांगा. बोटं एकमेकांना घासत असतील तर बोटांचे वेगळे मोजे मिळतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पायाला कुठे गरम किंवा चुरचुरल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबा. 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हणू नका. बूट काढा, जागा पुसून कोरडी करा, चिकटपट्टी लावा, तिची टोकं गोल कापलेली असू द्या म्हणजे ती उचकटत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे. सोबतचे लोक खोळंबतील म्हणून लाजेने न थांबलेल्यांचे पाय मी पाहिले आहेत, आणि नंतर त्यांच्यासाठी अख्खा गट दोन दिवस खोळंबलेलाही.

काही वर्षांपूर्वीचे बूट कपाटात नव्यासारखे आहेत. घालू का?

आधी घराजवळ दोन-तीन दिवस घालून भरपूर चाला. कित्येक बुटांच्या तळातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्याने तो न वापरताही हळूहळू कुजतो. वरून काही दिसत नाही. माझ्या एका बुटाचा तळ असाच दुसऱ्या दिवशी, खिंडीच्या अलीकडे, टाचेकडून सुटला. हातात घेतला तर मधला थर भाजलेल्या मातीसारखा भुगा होऊन पडत होता. तंबूची दोरी बुटाभोवती आठच्या आकड्यात गुंडाळून, दर तासाला नवी गाठ मारत मी खाली उतरले. तेव्हापासून चार मीटर बारीक दोरी माझ्या सॅकमध्ये कायम असते.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. कुठलं खरं मानायचं?

कम्फर्ट लिहिलेलं. आयएसओ २३५३७ या मानकानुसार चाचणी झालेल्या बॅगवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्रीला सैल पडून निवांत झोप लागेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आक्रसून का होईना, पण झोपू शकेल ते. एक्स्ट्रीम हा आकडा फक्त जीव वाचण्यापुरता असतो, तिथे झोपेची गोष्टच नाही. जाहिरातीत ठळक अक्षरात बऱ्याचदा लिमिटच छापतात. वाटेवर जेवढी थंडी अपेक्षित आहे, त्यापेक्षा पाच अंशांनी खालचा कम्फर्ट बघून घ्या. दमलेल्या, कमी जेवलेल्या शरीराला थंडी जास्त वाजते.

डाउन घ्यावी की सिंथेटिक?

डाउन म्हणजे बदक-हंसांची मऊ आतली पिसं. तेवढ्याच उबेसाठी ती सगळ्यात हलकी आणि सगळ्यात लहान दाबली जाते. ८०० फिल पॉवर म्हणजे २८ ग्रॅम पिसं फुलून ८०० घनइंच, जवळजवळ १३ लिटर जागा भरतात. हीच अडकलेली हवा आपल्याला ऊब देते. पिसं भिजली की त्यांचा लगदा होतो आणि ऊब संपते. सिंथेटिक जड असते, पण ओली झाली तरी थोडी ऊब धरते.

मी डाउन वापरते आणि तिला जिवापाड जपते. सतत पावसाच्या, दमट प्रदेशात कित्येक दिवस ऊनच मिळणार नसेल, तर मात्र सिंथेटिक घेते, कारण तिथे घामाची आणि श्वासाची ओलसुद्धा रोज थोडी थोडी पिसांत मुरत जाते.

मॅटवर एवढा खर्च कशाला? जाड स्लीपिंग बॅग पुरणार नाही का?

नाही पुरणार. अंगाखाली दबलेली पिसं चपटी होतात, त्यांच्यात हवा राहत नाही, आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब शोषून घेते. 'बॅग चांगली होती तरी थंडी वाजली' म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांची मॅट पातळ असते. मॅटवर आर-व्हॅल्यू पाहा, म्हणजे मॅट जमिनीकडे जाणारी ऊब किती अडवते तो आकडा. २ च्या आसपास उन्हाळ्यापुरती, ४ च्या आसपास थंड रात्रींसाठी, बर्फावर ५ च्या वर. २०२० पासून बहुतेक उत्पादक एकाच मानकाने ती मोजू लागले, त्यामुळे निरनिराळ्या मॅटची तुलना आता करता येते. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. फुगवायची मॅट आणि तिच्याखाली पातळ फोमची, ही जोडी मला आवडते. वरची फुटली तरी रात्र निभते, आणि फोम दुपारी बसायलाही होतो.

सकाळी तंबू आतून ओला असतो. गळतोय का?

बहुधा नाही. तुमच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते. वाऱ्याची वाट मोकळी ठेवा, दोन्ही बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, ओले कपडे आत पसरू नका, आणि ओढ्याकाठच्या खोलगट जागेऐवजी थोडी उंचवट्याची, झाडाखालची जागा निवडा. झाडाच्या वाळक्या फांद्या मात्र आधी मान वर करून बघा. शिवणीतून थेंब येत असतील तर ती गळती. त्यासाठी सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप मिळतो, घरीच एका संध्याकाळी लावता येतो. नायलॉनचा तंबू भिजला की ताणून सैल पडतो, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या एकदा पुन्हा ओढा.

कपडे किती न्यायचे?

चालायचा एक जोड, झोपायचा एक जोड, एक उबदार थर, एक पावसाचा थर. अंतर्वस्त्रं आणि मोजे दोन-तीन. झोपायचा जोड काहीही झालं तरी चालताना घालायचा नाही. सकाळी ओला गार शर्ट पुन्हा अंगात घालणं जिवावर येतं, पण दहा मिनिटांत तो अंगाच्या ऊबेने गरम होतो. कोरडा जोड भिजवला तर पुढची रात्र कशी काढणार?

थंड-पावसाळी हवेत सुती कपडे घरी ठेवा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंग गार पाडतं. शरीराचं तापमान धोकादायक उतरायला बर्फच लागतं असं नाही, ८-१० अंशांत पाऊस आणि वारा एकत्र आले तरी पुरतं. सोबतचा माणूस अडखळायला लागला, बोलताना जीभ जड झाली, 'मी ठीक आहे' म्हणत एका जागी बसून राहिला, तर लगेच आडोसा करा, ओले कपडे काढा, स्लीपिंग बॅगमध्ये घाला. तो शुद्धीत असेल तर काहीतरी गोड आणि गरम प्यायला द्या.

महागडा रेनकोट घेतला, तरी आतून भिजते. फसवणूक झाली का?

फसवणूक नाही, पण अपेक्षा जास्त होती. श्वास घेणाऱ्या कापडालाही चढावरचा घाम आवरत नाही. शिवाय बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापडच पाणी पितं आणि आतली वाफ अडते. लेबलवरच्या सूचनेप्रमाणे धुवा, मंद उष्णता द्या, तरी थेंब ओघळेनात तर नवा लेप लावा. काखेत चेन असलेला रेनकोट बघा, कुठल्याही तंत्रज्ञानापेक्षा उघडी चेन जास्त वाफ सोडते.

पाणी शुद्ध करायला काय वापरू?

पोकळ तंतूंचा फिल्टर हलका आणि झटपट. त्याची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची, त्यामुळे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडकतात. विषाणू त्याहून लहान, ते निसटतात. वाटेच्या वरच्या अंगाला वस्ती असेल तर फिल्टरनंतर क्लोरीन डायऑक्साइडची गोळीही टाका. गोळी एकटीच वापरणार असाल तर पाकिटावरची वेळ पाळा, क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी चार तास लागतात. उकळणं सगळ्यात खात्रीचं: खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं.

एक धोका फार जणांना माहीत नसतो. वापरलेला फिल्टर गोठला की आतले तंतू तडकतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही, पाणी आधीसारखंच येतं. एका मुक्कामी माझा फिल्टर सॅकच्या बाहेरच्या खिशात राहिला. सकाळी हलवला तर आतून बर्फ खडखडला. पुढचे पाच दिवस आम्ही प्रत्येक घोट उकळून प्यायलो, दीड दिवसाचं जादा इंधन गेलं. गार रात्री फिल्टर पिशवीत घालून पायाशी घेऊन झोपा.

गॅस थंडीत का पेटत नाही?

डब्यातल्या ब्युटेनची शून्याच्या किंचित खाली वाफच होत नाही. आयसोब्युटेन उणे ११ अंशांपर्यंत तग धरतो, प्रोपेन त्याहून कितीतरी खाली. म्हणून डब्यावरचं मिश्रण वाचा. रात्री डबा उशाशी घ्या, स्वयंपाकाच्या आधी जॅकेटमध्ये धरा. वाऱ्यापासून आडोसा करा, पण डब्याला चहूबाजूंनी बंदिस्त करू नका, तो तापून फुटू शकतो.

बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोप लागल्यासारखं वाटतं. विमानप्रवासात गॅसचा डबा नेता येत नाही, तो उतरल्यावर घ्यायचा हे धरून चला.

काठ्या लागतात का?

गुडघ्यांवर प्रेम असेल तर हो. सपाटीवर कोपरात काटकोन होईल एवढी लांबी, चढाला थोडी कमी, उताराला पाच-दहा सेंटिमीटर जास्त. पट्ट्यात हात खालून वर घाला, भार मुठीऐवजी मनगटावर येतो. ॲल्युमिनियम वाकतं, कार्बन हलकं पण तुटतं. वाकलेली काठी बरीचशी सरळ करता येते.

फोन असताना नकाशा कशाला?

फोन पडतो, भिजतो, थंडीत बॅटरी टाकतो. नकाशे आधीच उतरवून ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, रात्री पॉवर बँकेसह पांघरुणात घ्या. आठवडाभराला १०,००० एमएएचची पॉवर बँक बहुधा पुरते. विमानात ती हातातल्या सामानातच हवी. कागदी नकाशा आणि होकायंत्र मात्र सोबत ठेवाच, आणि निघण्यापूर्वी ती वाचायची सवय करा.

अगदी एकट्याने, सिग्नल नसलेल्या भागात जाणार असाल तर सॅटेलाइट मेसेंजर किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा बचाव-बीकन, म्हणजे संकटात मदतीचा इशारा पाठवणारं उपकरण घ्या. काही देशांत परवानगीशिवाय सॅटेलाइट उपकरण बाळगणं हा गुन्हा आहे, आधी तपासा.

परत आल्यावर सामानाचं काय करायचं?

आल्या दिवशीच, अंघोळीच्याही आधी, तंबू दोरीवर टाका. ओला गुंडाळलेला तंबू दोन दिवसांत बुरशी धरतो, आणि आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो. स्लीपिंग बॅग छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, मोठ्या सुती खोळीत सैल ठेवा. फुगवायची मॅट झडप उघडी ठेवून पसरा. बुटांतला सुखतळा काढा, कागद भरा, सावलीत वाळवा, शेगडीजवळ नको. फिल्टर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा.

आणि सामान आवरताना तीन ढीग करा: रोज वापरलेलं, एखाद्या वेळी वापरलेलं, अजिबात न वापरलेलं. प्रथमोपचार, दुरुस्तीचं सामान आणि रेनकोट सोडून तिसऱ्या ढिगातली प्रत्येक वस्तू वहीतल्या यादीतून खोडा. पुढच्या वेळी ती माळ्यावरच राहील.